पासपोर्ट तिच्याच पिशवीत



आमच्या गटाची खजिनदार येत्या रविवारी दुबईला चालली आहे. तिचे मिस्टर तिथे एसी दुरुस्तीच्या कामाला आहेत. सहा वर्षं एकटे राहिले. आता पगार वाढला, बायको-मुलीला न्यायची सोय झाली. वाडीत सगळ्यांना आनंद झाला, आम्हालाही झाला. पण दोन दिवसांनी आमच्या पोटात गोळा आला, कारण मागचा अनुभव आठवला.

तीन वर्षांपूर्वी आमची एक सभासद अशीच नवऱ्याबरोबर कुवेतला गेली. आम्ही ओटी भरली, साडी दिली, एसटीपर्यंत सोडायला गेलो, रडलो. पासबुक कुठे ठेवलंस, हे कुणी विचारलं नाही. ते घरच्यांकडे राहिलं. मोबाईलचं रिचार्ज संपलं, नंबर बंद झाला, आणि बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येणार! गटातली तिची बचत आम्ही हिशोब करून तिच्या खात्यात टाकली, पण दीड वर्ष तिला त्यातला रुपया काढता आला नाही. चूक तिची नव्हती, आमची होती.

म्हणून या वेळी आम्ही दोन महिने आधीच बसलो. पहिली अडचण निघाली लग्नाच्या दाखल्याची. लग्नाला नऊ वर्षं झाली, अल्बम आहे, पत्रिका आहे, नोंदणीच नाही. ती ग्रामपंचायतीत करून घेतली. पण तेवढ्याने भागत नाही. त्या दाखल्यावर आधी मंत्रालयाचा, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो. मुलीच्या जन्मदाखल्याचंही तसंच. पासपोर्ट होता माहेरच्या नावाचा. घरात कुणी म्हणालं, बदलून घे. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्टवर जे नाव तेच दाखल्यावर आणि तिकिटावर, स्पेलिंगसकट, एवढं सांभाळायचं. तिने नाव तसंच ठेवलं.

मग कर्ज. शिलाई मशिनसाठी घेतलेल्या अंतर्गत कर्जाचे अठरा हजार बाकी होते. आमच्यातली एक म्हणाली, जातेय तर व्याज सोडून देऊ. तिनेच नको म्हटलं. मशिन गटातल्याच एकीने घेतलं, वरचे पैसे तिने साठवणीतून भरले. मशिन उचलून नेलं त्या संध्याकाळी ती ओटीवर बसून राहिली. आम्हाला वाटलं, घर सोडायचं दुःख. ती म्हणाली, "पाचशे रुपयांसाठी कुणापुढे हात करायची सवयच राहिली नाही गो मला."

खरी गोष्ट ही होती. तिथे ती नवऱ्याच्या व्हिसावर राहणार. काम करायला बंदी नाही, पण त्यासाठी वेगळा परवाना लागतो, तो काम देणाऱ्याने काढायचा. इथल्यासारखी दारावर पाटी लावून ब्लाऊज शिवायची सोय नाही. म्हणजे पहिले काही महिने तरी कमाई शून्य.

मग आम्ही एक आगाऊपणा केला. तिला विचारून, गटाच्या बैठकीतूनच मिस्टरांना व्हिडिओ कॉल लावला. आमचे चार वाजले होते, त्यांचे अडीच. सुट्टीचा दिवस होता. ते म्हणाले, "एवढं काय विचारायचं, लागतील तसे देईन की." आमच्या अध्यक्ष काकू ऐकणाऱ्या नव्हेत. "देईन नको जावईबापू, किती आणि कोणत्या तारखेला ते सांगा." ते जरा गप्प झाले, मग हसले. दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्या स्वतःच्या खात्यात किती टाकायचे, ते ठरलं. आकडा आम्ही रेडिओवर सांगणार नाही.

ते खातंही नीट करावं लागलं. परदेशी राहायला गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालवायचं नसतं, बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यायचं. त्याचा अर्ज आणलाय. नंबर चालू ठेवायची जबाबदारी बहिणीने घेतली. पासपोर्ट तिथे पोचल्यावरही तिच्याच पिशवीत राहणार, कपाटाच्या किल्लीमागे नाही. दुबईत आपल्या सरकारचा वाणिज्य दूतावास आहे, त्याचा नंबर तिने वहीत आणि मुलीच्या दप्तरातही लिहून ठेवलाय.

आता खाऊची गोष्ट, कारण इथे आम्ही थोडक्यात वाचलो. कुळथाचं पीठ, आमसुलं, आंबापोळी, सगळं बांधलं. सासूबाईंनी दोन किलो मालवणी मसाला कुटला आणि अनारसे केले. मिस्टरांचा फोन आला, "खसखस आणू नका!" आपल्या मसाल्यात खसखस, अनारशावर तर पसरलेलीच. तिथे खसखस हा अंमली पदार्थ धरतात, सापडली तर तुरुंगाची पाळी येते. सर्दी-खोकल्याची, दुखण्याची औषधंही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नयेत. सासूबाई हिरमुसल्या. मसाला वाडीत वाटला, अनारसे आम्ही बैठकीत खाल्ले. काल सगळ्या मिळून बिनखसखशीचा मसाला परत कुटला. रंग छान आलाय. चव जरा वेगळी लागते, असं सासूबाईंचं म्हणणं.

सासूबाई इथेच राहणार. त्यांच्या बीपीच्या गोळ्या महिन्याला कुणी आणायच्या, त्याची पाळी आम्ही लावलीय. गुरुवारी नव्या खजिनदाराचा ठराव आहे, सह्या बदलायला बँकेत जायचंय. किल्ली अजून तिच्याकडेच आहे. शुक्रवारी देते म्हणाली.