धुऱ्यावर कोण उभं राहायचं?

आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या एका बचत गटातल्या अकरा जणी. माईकपुढे एकच जण बसली आहे, पण काय बोलायचं ते अकरा जणींनी मिळून ठरवलं. त्यावरही दोनदा भांडण झालं, तेही सांगून टाकतो.

आम्ही तुरीची डाळ करतो. आमच्याकडे मिनी डाळ मिल आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेल्या या मिल आता आपल्याकडच्या बऱ्याच गावांत दिसतात. तूर चाळायची, तेल लावायचं, उन्हात वाळवायची, फोडायची, पाखडायची आणि मग निवडायची. मिल बटण दाबलं की चालते. माणसं कशी चालवायची, ते मात्र कोणत्या प्रशिक्षणात नीट कळत नाही. आमचं अडलं ते निवडण्यावर.

तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, निंदणाला रोज असतो आणि कापूस वेचणीला किलोचा भाव असतो. निंदणाला गेलो की मालक धुऱ्यावर उभा. कोणाची पात मागं राहिली, कोण पाणी प्यायला दुसऱ्यांदा उठली, सगळं बघतो. रोज ठरलेला असतो, म्हणून हात हळू चालतील अशी त्याला भीती. वेचणीला तो धुऱ्यावर उभा राहत नाही, संध्याकाळी काटा घेऊन बसतो. मग आपलेच हात भराभर चालतात. पण त्या घाईत बोंडासोबत वाळकी पत्तीही ओट्यात येते, आणि तेव्हा आपण तिकडं फारसं बघत नाही. खोटं कशाला बोलायचं?

हे सगळं जन्मभर केलेलं असूनही डाळ मिल घेतल्यावर आम्ही त्याच चुका केल्या, तेही ओळीनं.

पहिल्या हंगामात रोज ठेवला. अध्यक्ष ताई खुर्ची टाकून बसायच्या. बोलायच्या काही नाहीत, पण नजर सगळ्यांवर. आठ दिवसांत कुजबुज सुरू झाली, “काऊन वो, हे काय इनिस्पेक्टर हायेत काय?” ताईंनाही ते लागलं. त्या स्वतः निवडायला बसल्या असत्या तर दोन सुपं जास्त झाली असती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या हंगामात किलोचा भाव लावला. काम दुपटीनं झालं आणि आम्ही खूश. महिन्याभरात मूर्तिजापूरच्या दुकानदारानं तीन कट्टे परत पाठवले. डाळीत खडे, अख्खी तूर, सालपटं. परत आलेले ते कट्टे अंगणात पडलेले बघून जे वाटलं, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. आणि त्याच महिन्यात आमची सगळ्यात जुनी मावशी गट सोडते म्हणाली. ती सगळ्यात सावकाश निवडायची, पण तिच्या सुपात खडा सापडायचा नाही. ती म्हणाली, “माह्याच्यानं किलोचं काम नाही होत वो. डोये साथ देत नाहीत.” जिनं घरोघर फिरून हा गट उभा केला, तिलाच आमच्या भावानं बाहेर काढलं होतं.

त्या बैठकीत एकीनं लिज्जत पापडाची गोष्ट काढली. ती आधीही ऐकली होती, पण या वेळी कान देऊन ऐकली. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. (आमच्या वाळवणाच्या चिंतेत ही युक्ती ऐकून फार बरं वाटलं.) जसवंतीबेन पोपट त्या सात जणींतल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज त्या संस्थेत चाळीस हजारांवर बहिणी आहेत.

एवढ्या बायांच्या घरी जाऊन धुऱ्यावर कोण उभं राहणार? कोणीच राहत नाही. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ तोलून घ्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड द्यायचे. तिथं वजन होतं, पापड तपासला जातो आणि वणाई, म्हणजे लाटणावळ, मिळते. आम्ही म्हटलं, हे तर आमच्यासारखंच किलोचं काम. मग त्यांचा पापड परत का येत नाही?

फरक पुढं होता. तिथं बहिणी नोकर नाहीत. लाटणारी भागीदार, शाखेची संचालिकाही त्या बहिणींतलीच, आणि वरची एकवीस जणींची समितीही बहिणींचीच. नफा-तोटा सगळ्यांत सारखा. वाईट पापड गेला तर लाटणारीच्याच हिश्शाला चाट. आम्ही त्यांच्यासारखा किलोचा भाव लावला, पण नफा कुठं वाटला होता? तो बँकेत पडून होता आणि पासबुक अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांच्यापलीकडे कोणी पाहिलं नव्हतं. त्या तिघी बेइमान नव्हत्या. आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही, एवढंच. पंचसूत्रीत नियमित हिशेब लेखन आहे, ते होत होतं. वाचून दाखवणं होत नव्हतं.

आता दर बैठकीत रजिस्टर मोठ्यानं वाचलं जातं. किती तूर घेतली, किती डाळ निघाली, चुनी किती, कोणाला किती दिले. किलोचा भाव ठेवला, पण कमी केला, आणि हंगाम संपल्यावर नफा अकरा जणींत सारखा वाटायचा ठरलं. तपासणी आळीपाळीनं, दर आठवड्याला वेगळी जण. तपासणारीला त्या आठवड्याचा रोज मिळतो. पहिल्यांदा तपासायला बसलेल्या दोघी-तिघी फार कडक वागल्या, जणू जुना राग काढत होत्या. पाळी फिरली तसा तो नरमला, कारण पुढच्या आठवड्यात आपलं सूप दुसरीच्या हातात जाणार.

अध्यक्ष ताई आता निवडायला बसतात. भराभर निवडतात, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

मावशी परत आली. काटा तिच्याकडे आहे, आणि वाळवणावर लक्षही तीच ठेवते. तूर वाळली की नाही हे ती दाताखाली दाणा धरून सांगते. त्यासाठी डोळे लागत नाहीत. तिला रोज द्यायचा की किलो, यावर बराच वाद झाला. शेवटी रोज ठरला, आणि नफ्यात सगळ्यांसारखाच हिस्सा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. तुरीचा हंगाम भरात आला की अकरा जणींचे हात पुरत नाहीत. यंदा शेजारच्या वस्तीतल्या चार जणी रोजानं बोलावल्या. एका दुपारी आमची सचिव कमरेवर हात ठेवून त्यांच्यामागं उभी होती. मावशी काट्यावरून ओरडली, “आता तूच धुऱ्यावर उभी झाली वो पोरी!” सगळ्या हसल्या. त्या चौघी मात्र हसल्या नाहीत.

गटात वीस जणींपर्यंत जागा असते. चौघींना सभासद करून घेतलं तर आमचा नफ्याचा हिस्सा लहान होतो, आणि मिलचं कर्ज तर आम्ही फेडलं, असं आमच्यातल्या पाच जणींचं म्हणणं. सहा जणी म्हणतात घ्या. येत्या बैठकीत त्या चौघींनाही बोलावलं आहे. त्यांच्यासमोर रजिस्टर वाचायचं की नाही, यावरच आधी बोलणं होणार आहे.