भाकरी का करपली?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



होटगी हे गाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलं असेल, पण आगगाडीच्या खिडकीतून. सोलापूर सोडलं की थोड्याच वेळात होटगी जंक्शन येतं. इथून एक मार्ग वाडीकडे जातो आणि दुसरा विजापूर-गदगकडे. विजापूरची गाडी पूर्वी मीटरगेजवरून जायची, आता तिथंही ब्रॉडगेज झालं. माझी सगळी नोकरी रेल्वेत झाली आणि निवृत्तीनंतर मी इथंच राहिलो. घरात मराठी, शेजारी कन्नड आणि दिवसरात्र मालगाड्यांचा खडखडाट, असं आमचं गाव आहे.

आमच्या घरात सध्या दोन कारखाने चालतात. माझी सून स्वयंपाकघरात मोबाइल उभा करून कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे, गव्हाची हुग्गी असे आपल्याकडचे पदार्थ करून दाखवते. तिचा मुलगा, म्हणजे माझा नातू, सोलापूरला कॉलेजात जातो. तो पुढच्या खोलीत बसून फसलेल्या सिनेमांची चिरफाड करतो. दोघंही आपापले व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात. दोन्हीकडे एकाच वेळी चित्रीकरण सुरू असलं, की मला खोकायचीसुद्धा चोरी होते.

सुनेचं काम मला पहिल्यापासून पटत होतं. नातवाचं पटत नव्हतं. दुसऱ्यानं राबून केलेल्या वस्तूला घरात बसून नावं ठेवायची, हा काय उद्योग झाला? मी त्याला तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "आबा, तुम्हीच तर कणेकरांच्या कॅसेट लावून हसायचा."

मला गप्प बसावं लागलं. खरंच होतं ते. शिरीष कणेकर 'माझी फिल्लमबाजी' हा एकपात्री कार्यक्रम करायचे. समोर माईक, आणि हिंदी सिनेमातल्या एकेका वेडेपणाचा समाचार. त्यांची कॅसेट आमच्या घरी पुनःपुन्हा वाजत असे. कणेकर २०२३ साली गेले. पण त्यांचं ऐकताना एक गोष्ट कायम जाणवायची. हा माणूस ज्या सिनेमाची टिंगल करतोय, त्याच सिनेमावर त्याचा जीव आहे. शेकडो सिनेमे डोळ्यांत साठवल्याशिवाय असं बोलता येत नाही.

स्वयंपाकाचंही तसंच. करून दाखवणं आजचं नाही. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, तेव्हा नव्या संसाराला निघालेल्या मुलींच्या सामानात ते पुस्तक दिसू लागलं. त्यातली मापं घरातली होती, वाटी आणि चमचा. त्यामुळे शेजारची काकू समोर बसून सांगते आहे असं वाटायचं. पुढे यूट्यूब आलं. ते २००५ साली अमेरिकेत सुरू झालं आणि २००८ साली त्याची भारतासाठीची आवृत्ती निघाली. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत राहत असताना पदार्थांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली, पुढे त्या मराठीतून करू लागल्या. २०१६ नंतर मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झालं आणि हे सगळं खेड्यापर्यंत पोचलं. २०२० साली नगरजवळच्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या सत्तरीच्या आजी 'आपली आजी' या नावानं घरोघरी पोचल्या. मोबाइल धरायला त्यांचा नातू होता. आमच्या सुनेनं त्यांच्याकडे पाहूनच धीर केला.

नातवाचे गुरू वेगळे. कानन गिल आणि बिस्वा कल्याण रथ हे दोन तरुण, दोघंही इंजिनिअर. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांनी शेजारी शेजारी बसून जुन्या हिंदी सिनेमांची थट्टा करणारे व्हिडिओ केले आणि कॉलेजातली पोरं त्यांच्यामागे वेडी झाली. १९९८ सालचा 'गुंडा' हा मिथुन चक्रवर्तींचा सिनेमा आमच्या पिढीनं कधीच विसरून टाकला होता. या मुलांच्या पिढीनं तो इंटरनेटवर उकरून काढला, तो वाईट आहे म्हणून! पडलेल्या सिनेमाला असंही दुसरं आयुष्य मिळतं.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो.

आमच्या भागात एक मंडपवाले आहेत. लग्नकार्याला मंडप, खुर्च्या, लाउडस्पीकर देतात. २०१६ साली 'सैराट' आला. आपल्याच जिल्ह्यातल्या, करमाळ्याकडच्या नागराज मंजुळे यांनी एवढा सिनेमा केला, मग आपण का नाही, असं त्या वर्षी जिल्ह्यातल्या पुष्कळांना वाटलं. या गृहस्थांनी मात्र खरंच केला. ऊसतोड कामगाराच्या मुलीची गोष्ट होती. त्यासाठी त्यांनी एक मोठा मंडप विकला आणि जनरेटर विकला. सिनेमाला कुणी थिएटर दिलं नाही. एका कार्यालयात एकच खेळ झाला. शेवटी त्यांनी तो स्वतःच इंटरनेटवर टाकून दिला.

आमच्या नातवाला तो सापडला. त्यानं वीस मिनिटांचा व्हिडिओ केला. सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो. नायिका हिरवी साडी नेसून दारातून आत येते आणि आतल्या खोलीत पोचेपर्यंत साडी पिवळी झालेली असते. नायक प्रेमाचे दोन शब्द बोलायला लागला, की मागून मालगाडी जाते आणि नुसते ओठ हलताना दिसतात. आणि सगळ्यात मोठा हशा शेवटी होता. नायिकेची आजी मरते, घरात रडारड होते, आणि प्रेताची छाती वरखाली होत असते. नातवानं तेवढाच तुकडा चार वेळा दाखवला. वर म्हणाला, "एवढी तब्येत असलेलं प्रेत मी पाहिलं नाही!"

गावात तो व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाइलवर गेला. पोरं मंडपवाल्यांच्या दुकानासमोरून जाताना जोरजोरात श्वास घेऊन दाखवू लागली.

एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले. मला वाटलं, आता भांडण. पण त्यांनी पाणी घेतलं, बसले आणि नातवाला म्हणाले, "बाळ, तू सांगितलंस त्यातली एकही गोष्ट खोटी नाही. साडी हिरवीची पिवळी झाली, कारण मधे पैसे संपले आणि चार महिने काम थांबलं. साडी भाड्याची होती, तोवर परत गेली होती. गाडीचा आवाज आला, कारण घर रुळाजवळचं मिळालं, फुकट मिळालं. आवाज नंतर स्टुडिओत भरायला पैसे नव्हते."

मग थोडं थांबून ते माझ्याकडे वळले. "मास्तर, ती आजी म्हणजे आमची आई होती. ऐन चैत्राचं ऊन. ती म्हणाली, मी निजते, पण श्वास धरून ठेवायला मला जमायचं नाही. मी म्हटलं, असू दे. दुसऱ्या वर्षी ती खरंच गेली. तिचा हलता फोटो दुसरा कुठं नाही. मी तो सिनेमा आता लावतो, तो तेवढा श्वास बघायलाच लावतो."

घरात कुणीच काही बोललं नाही. नातू खाली मान घालून बसला होता. थोड्या वेळानं म्हणाला, "काका, मी व्हिडिओ काढून टाकतो."

"काढू नको," ते म्हणाले. "चूक ती चूक. फक्त का झाली ते मला विचारलं असतंस, तर बरं वाटलं असतं."

चहा न घेताच ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचं कडक भाकरीचं चित्रीकरण होतं. मोबाइल नातवाच्या हातात. कडक भाकरी हे आपल्या सोलापूरचं खरं वैभव. ज्वारीची, पापडासारखी पातळ थापायची आणि तव्यावर मंद आचेवर दाबत दाबत पार सुकवायची. नीट जमली तर कितीतरी दिवस टिकते. पण पातळ असल्यामुळे नेहमीच्या भाकरीत खपून जाणारी चूक तिच्यात लगेच उघडी पडते. तसंच झालं. सुनेनं थापलेली भाकरी कडेनं चिरत गेली आणि उचलताना परातीतच मोडली.

नातू म्हणाला, "आई, हे कापतो. दुसरी थाप."

सून म्हणाली, "कापू नको. राहू दे." आणि मोबाइलकडे बघून सांगू लागली, "बघा, पीठ जुनं आहे. दळून बरेच दिवस झाले, म्हणून पिठाची विरी गेली. अशा पिठाला गार पाणी चालत नाही. उकळतं पाणी घाला, थोडा वेळ झाकून ठेवा आणि मग चांगलं मळा." तसं करून तिनं दुसरी थापली. ती परातभर झाली.

मी दारात उभा राहून बघत होतो. मला लहानपणचं कोडं आठवलं. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. कोडं घालणाऱ्यानं भाकरी करपली एवढंच म्हटलं नाही, त्यानं 'का' विचारलं. करपलेली भाकरी कुणालाही दिसते, त्याला अक्कल लागत नाही. ती का करपली हे सांगायला मात्र कधीतरी चुलीपुढे बसावं लागतं.

श्रोतेहो, सिनेमा आणि स्वयंपाक यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला. तारामतीच्या कामाला एकही स्त्री तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात नोकरीला असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ सालच्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता, दोन्ही तेच होते. आणि त्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत होत्या सरस्वतीबाई फाळके. दिवसभर साठ-सत्तर माणसांचं जेवणखाण सांभाळायचं आणि त्यातच फिल्मला भोकं पाडण्यासारखी कामंही करायची. आज तो सिनेमा कुणी बघायला बसला, तर पुरुषी चेहऱ्याच्या तारामतीला हसू शकेल. पण का, हे एकदा कळलं की ते हसू वेगळं होतं.

फाळक्यांनी आणखी एक गोष्ट केली. 'चित्रपट कसे तयार करतात' या नावाची एक छोटी फिल्मच त्यांनी काढली. तिच्यात ते स्वतः काम करताना दिसतात. तिचा काही भाग आजही शिल्लक आहे. सिनेमा दाखवायचा आणि तो कसा होतो तेही दाखवायचं, म्हणजे परातीतलं पीठही लोकांपुढे ठेवायचं.

नातवाला मी उपदेश केला नाही. त्या वयात तो ऐकला जात नाही, हे मला माझ्यावरून ठाऊक आहे. त्यानं आपल्या मनानंच दोन गोष्टी केल्या. पहिल्या व्हिडिओतला आजीचा तुकडा कापला, बाकीचं तसंच ठेवलं. आणि मंडपवाल्यांच्या दुकानात जाऊन, खुर्च्यांच्या ढिगाऱ्यात बसून, तो सिनेमा कसा झाला आणि कुठे कुठे का बिघडला, हे त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. साडीचं, रुळाजवळच्या घराचं, विकलेल्या जनरेटरचं. मधे मधे दोघंही हसत होते. पहिल्यासारखंच हसू, पण आता ते दोघांचं होतं.

हा दुसरा व्हिडिओ फारसा कुणी पाहिला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पहिला गावभर फिरला, दुसरा शेजारच्या गल्लीतसुद्धा गेला नाही. नुसत्या हशाला गिऱ्हाईक पुष्कळ, 'का' ऐकणारे थोडे. नातू दोन दिवस खट्टू होता. मी म्हटलं, "तुझ्या आईच्या मोडलेल्या भाकरीखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाच." एका बाईनं लिहिलं होतं, 'माझी रोज मोडायची, मला वाटायचं माझ्या हातालाच गुण नाही. आज कळलं, पीठ जुनं होतं.'

फसलेल्या सिनेमाबद्दल बोलणाऱ्यांनी बोलूच नये, असं आता मी म्हणत नाही. बोलावं, खुसखुशीत बोलावं. वाईटाला वाईट म्हणणारं कुणी नसेल तर चांगल्याची किंमत राहत नाही. पण बोलणं ऐकून उठताना ऐकणाऱ्याच्या पदरात एखादं 'का' पडावं. ते पडलं, तर पुढचा सिनेमा करणाऱ्या पोराला त्याचा उपयोग होईल.

मंडपवाल्यांनी आता दुसरी गोष्ट लिहायला घेतली आहे. परवा ते आले, या वेळी चहा घेतला आणि नातवाला म्हणाले, "चुका पकडायला तुला येतंच. या वेळी शूटिंगच्या वेळीच पकड." साड्यांच्या नोंदीची वही त्यांनी त्याच्याकडे दिली आहे. सिनेमा निघेल की नाही, ते सांगता येत नाही. जनरेटर अजून परत घेता आलेला नाही.

माझाही सल्ला विचारला. रुळाजवळ गाड्या कोणत्या वेळी नसतात, असं. मी सांगितलं, मालगाडीला वेळापत्रक नसतं. घर लांबचं बघा.