गोळी कोणाची थांबते?
(महिला मेळाव्यातील भाषण)



दवाखान्याच्या कागदावर एक वाक्य नेहमी असतं : 'रुग्णाने औषध नियमित घेतले नाही.' या वाक्यात दोष एकट्या रुग्णाचा. मुकादम, सासू, एस.टी.चं भाडं यांचा त्यात पत्ताच नाही. हृदयरोगाचं औषध वर्षानुवर्षं, कधी जन्मभर घ्यायचं असतं. घरात पैसे कमी पडले की नवऱ्याच्या गोळ्या येतात, बाईच्या 'पुढच्या बाजाराला' जातात. 'आता बरं वाटतंय' असं म्हणून तीही गप्प बसते. पण बरं वाटतं ते गोळीमुळेच, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, पाथर्डी-जामखेडकडून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, खाडा झाला की पैसे कापले जातात. हृदय कमजोर असलेल्या बाईला अंगावरची सूज उतरावी म्हणून लघवी जास्त होण्याची गोळी देतात. फडात आडोसा नाही, कोपीजवळ संडास नाही. मग ती काय करणार? गोळी घेतच नाही. पायावर सूज येते, रात्री आडवं झालं की दम लागतो. याला तुम्ही निष्काळजीपणा म्हणाल का? गोळीची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारता येतं. पण पुरुष डॉक्टरांपुढे लघवीचं बोलायचं कसं? अशा वेळी तिच्याबरोबर आपल्यातली एक असली पाहिजे.

दुसरी गोष्ट मुलींची. लहानपणी घसा दुखतो, मग ताप येतो, सांधे सुजतात, आणि काहींच्या हृदयाची झडप खराब होते. ताप पुन्हा उलटू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दवाखान्यात जाऊन घ्यावं लागतं. दुखतं फार. आणि ते वर्षानुवर्षं चालतं, झडप जास्त खराब असेल तर चाळिशीपर्यंतसुद्धा. मुलीचं लग्न ठरलं की आई-बाप ते बंद करतात, कारण सासरी कळता कामा नये. मग दिवस राहतात. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, खराब झडपेला ते पेलत नाही, आणि लपवलेला आजार बाळंतपणात जिवावर उठतो. झडप बदललेली असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते. ती गर्भाला अपाय करू शकते, आणि मनानेच बंद केली तर झडपेवर गुठळी होते. पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठायचं. हे तिला लग्नाआधीच माहीत हवं. नवऱ्यालाही.

हे काम आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. गावोगावच्या बायका, त्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित, आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. क्षयाची, कुष्ठरोगाची गोळी महिनोन् महिने चुकू द्यायची नाही, हे त्यांनी दारोदार जाऊन सांभाळलं. कोणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते जमलं. 'आशा' आल्या त्या २००५ नंतर. आज त्यांच्यावर कामाचा इतका बोजा आहे की सगळं त्यांच्याच गळ्यात घालणं मला पटत नाही.

आपल्या मंडळांनी टोळ्या निघण्याआधी एक बैठक याच कामासाठी घ्यावी. कोणाला बी.पी., कोणाला झडपेचा त्रास, याची विचारपूस करा. पण तिच्या परवानगीशिवाय चारचौघींत बोलू नका. सरकारी दवाखान्यात बी.पी.च्या गोळ्या फुकट मिळतात. दोन महिन्यांच्या एकदम मागा, नाही म्हणाले तर चौघीजणी मिळून जा. इंजेक्शनच्या तारखा कागदावर लिहा, कारखान्याजवळचा सरकारी दवाखाना कोणता तेही लिहा. गोळ्यांचं रिकामं पाकीट फेकू नका, परगावच्या डॉक्टरला त्यावरूनच औषध कळतं. उपास असला तरी गोळी सोडायची नाही. आणि मुकादमाशी उचलीचं बोलणं होतानाच सांगायचं, इंजेक्शनच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही. एकटीचं तो ऐकणार नाही, टोळीतल्या सगळ्या बायकांनी मिळून सांगा.