इंजिनाच्या भाराचा हिशेब



या व्यासपीठावरून आपण साहित्य आणि तत्त्वज्ञान पुष्कळ ऐकता. मी मात्र आज आपल्याला गाडीच्या बॉनेटखाली नेणार आहे. मोटारीचे इंजिन ज्या तीन-चार रबरी आधारांवर बसवलेले असते, त्यांवर जोर येतो तरी किती? गॅरेजमध्ये या आधारांना कोणी 'माउंटिंग' म्हणतो, कोणी 'फाउंडेशन'.

फाउंडेशन हा शब्द गिरणगावाला नवा नाही. 1854 साली कावसजी दावरांनी ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली. पुढे परळ-लालबागेत गिरण्याच गिरण्या झाल्या. त्यांची वाफेची इंजिने चिरेबंदी पायावर बोल्टांनी जखडलेली असत. इंजिनाने दिलेला हिसका अखेर धरणीमाता सोशीत असे. बसचे तसे नाही. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली बस धावली, तेव्हा तिच्या इंजिनाखाली पाया नव्हता, धावती चौकट होती. त्या चौकटीवर माणसे बसलेली होती. आपला सारा प्रश्न येथून सुरू होतो.

हिशेबाला सोपे पडावेत असे आकडे घेऊ. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून वजन 600 किलो. आधार तीन: पुढे मधोमध एक, मागे डावी-उजवीकडे दोन. गाडी उभी असता प्रत्येकावर 200 किलो. बहुतेकांचा हिशेब येथेच संपतो. 'एवढे जड धूड, ते जाणार कुठे?' असे म्हणून बोल्टाकडे दुर्लक्ष होते.

आता गाडी सुरू करा. समजा, इंजिनाचा पीळ असा आहे, की एक मीटर लांब पान्याच्या टोकाला 40 किलो टांगावेत. पहिल्या गिअरात तो 7 पट होतो, म्हणजे 280. न्यूटनने सांगूनच ठेवले आहे, की जेवढा जोर द्याल तेवढाच उलट येतो. गिअरबॉक्स मागच्या दांड्याला जेवढा पीळ देतो, तेवढाच उलटा पीळ इंजिनाच्या धडाला बसतो. पुढचा आधार मधोमध असल्याने तो याला अडवीत नाही. मागच्या दोन आधारांत अंतर 70 सेंटिमीटर धरू. 280 भागिले 0.7, म्हणजे 400 किलो. एका बाजूला 400 वाढले, दुसऱ्या बाजूला 400 घटले. उजवीकडे झाले 600, आणि डावीकडे 200 वजा 400, म्हणजे उणे 200!

हे 'उणे' फार महत्त्वाचे आहे, मंडळी. डावा आधार आता इंजिनाला उचलून धरीत नाही, तो त्याला खाली ओढून धरतो आहे. गाडी रिव्हर्समध्ये घातली की बाजू उलटतात. त्यात ब्रेकची भर घाला. गुरुत्वाच्या निम्म्याने वेग कमी झाला, तर 600 किलोचे धूड 300 किलोच्या जोराने पुढे रेटते. खड्डा आला की वरचा भार घटकाभर कितीतरी पट होतो.

आधार तुटला तर काय होते? 1971 साली अमेरिकेत जनरल मोटर्सला सुमारे 67 लाख शेवरलेट गाड्या परत बोलवाव्या लागल्या. माउंटिंग तुटले की इंजिन वर उचलले जाई, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच अडकून राही. म्हणजे उणे 200चा हिशेब हा जिवाचा हिशेब आहे.

मग आधार घट्ट लोखंडाचाच का करू नये? कारण इंजिनाची थरथर मग सरळ चौकटीत उतरते, चौकटीतून सीटमध्ये आणि सीटमधून ड्रायव्हरच्या कण्यात. रबर मऊ असेल तर थरथर शोषते, पण पिळापुढे टिकत नाही. कठीण असेल तर इंजिन धरते, पण थरथर सोडते. या दोहोंतला मध्य काढणे हे डिझाइन करणाराचे कसब. परंतु तेल आणि उष्णता खाऊन रबर कडक होते, चिरते. कसब कागदावर राहते आणि हादरे माणसाच्या वाट्याला येतात. जोर नाहीसा होत नसतो. आधाराने जो सोसला नाही, तो दुसऱ्या कोणालातरी सोसावा लागतो.

म्हणून माझे कामगार बंधूंना सांगणे आहे. 'इंजिन फार हादरते' एवढेच तक्रारवहीत लिहिलेत, तर 'इंजिन आहे, हादरणारच' असे उत्तर मिळते. मी ते अनेकदा ऐकले आहे. त्याऐवजी असे लिहा: 'पहिल्या गिअरात गाडी उचलताना डावीकडे ठोका बसतो, न्यूट्रलमध्ये बसत नाही.' मग डावे माउंटिंग तपासल्यावाचून सुपरवायझरला सुटका नाही. उभ्या गाडीत सीट थरथरत असेल तर रबर कडक झाले आहे का ते पाहायला सांगा. ब्रेक लावताना दणका बसत असेल तर तेही वेगळे नोंदवा. अशा तक्रारीला चर्चेच्या टेबलावर निराळे वजन येते.

कोणी म्हणेल, आता हे कशाला? 15 सप्टेंबर 2023 रोजी बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर धावली, विजेच्या बसगाड्या आल्या. खरे आहे, विजेच्या मोटारीत स्फोटांची थरथर नाही. पण ती उभ्या जागेवरूनच पूर्ण पीळ देऊ शकते, आणि वेग कमी करताना वीज परत घेते तेव्हा तो पीळ उलटतो. तिलाही आधार लागतात, त्यांनाही बोल्ट लागतात. यंत्र बदलले तरी बेरीज-वजाबाकी तीच आहे. ती इंजिनिअरसाहेबांना यावीच, पण जो त्या यंत्रावर आठ तास बसतो त्यालाही आली पाहिजे.