दस्तरखानावरचे रुसवे

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर जेवणखाणाचा विषय कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल तर नवल नाही. पण वर्गात पहिल्याच तासाला पेंगणारे मूल आळशी असतेच असे नाही. पुष्कळदा ते चहा-बटरवर शाळेत आलेले असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरांपैकी ६७ मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींत हा आकडा ५९ होता. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत, आणि आपला समाज देशाबाहेर नाही. रक्त कमी असलेल्या मुलाचे लक्ष टिकत नाही, ते लवकर दमते. मग शिकवणीवर कितीही खर्च करा, त्याचा पुरता उपयोग होत नाही.

माता-पालक भेटल्या की एकच तक्रार कानी येते : "आमचा मुलगा काही खातच नाही." या तक्रारीत अर्धे खरे असते. जन्मतः तीन किलोचे मूल वर्षाचे होईतो साधारण नऊ किलोचे होते. म्हणजे एका वर्षात वजन तिप्पट! पुढे मात्र ते वर्षाला दोनएक किलोच वाढते. वाढ मंदावली की भूकही उतरते. आई मात्र पहिल्या वर्षीचाच हिशेब धरून बसते आणि घास घेऊन अंगणभर मुलामागे धावते. दुसरी गोष्ट अशी की, दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या पदार्थाचा संशय येणे हा बहुतेक मुलांचा स्वभावच असतो. पानातली हिरवी काडी बाजूला काढणारे मूल हट्टी आहे असे लगेच समजू नये.

लीॲन बर्च या अमेरिकन संशोधक बाईंनी मुलांच्या आवडीनिवडीचा पुष्कळ वर्षे अभ्यास केला. त्यांच्या आणि इतरांच्या प्रयोगांतून असे दिसले की, नवा पदार्थ मुलाने आठ, दहा, कधी पंधरा वेळा चाखल्यावर त्याला तो आवडू लागतो. आपण दोनदा वाढतो, तिसऱ्यांदा म्हणतो, "याला भोपळा चालत नाही," आणि विषय संपवतो. यावर गरीब घरातली बाई विचारील की, दहा वेळा वाया घालवायला भाजी आणू कुठून? प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच की मुलासाठी वेगळे काही शिजवू नका. घरात सर्वांसाठी जे आहे त्यातले बोटभर त्याच्या पानात वाढा, शेजारी त्याच्या आवडीची भाकरी-आमटी असू द्या. खाल्ले तर खाल्ले, नाही तर मोठ्यांनी खावे. लालूच मात्र दाखवू नये. "भाजी संपव, मग चॉकलेट देते," असे म्हटले की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, असा धडा मूल शिकते. या प्रयोगांत तेच आढळले.

अमेरिकेतच १९२६ पासून डॉ. क्लारा डेव्हिस यांनी पंधरा बालकांना काही वर्षे त्यांच्या मनाप्रमाणे खाऊ दिले. कोणी भरवायचे नाही, कोणी टोकायचे नाही. मुले चांगली वाढली. लोकांनी त्याचा सोयीस्कर अर्थ काढला की मुलांना हवे ते द्यावे. पण बाईंनी स्वतःच १९३९ मध्ये सांगितले की सारी खुबी पदार्थांच्या यादीत होती. यादीत साखर नव्हती, मिठाई नव्हती. होते ते मांस, अंडी, दूध, फळे, भाज्या, धान्ये. काय आणि केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मुलाने. मला तरी यात तथ्य वाटते.

आपल्या दीनी शिकवणुकीतही याला आधार आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत, रुचले तर घेत, न रुचले तर सोडून देत, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. वाळवंटातील घोरपडीसारख्या प्राण्याचे भाजलेले मांस त्यांच्यापुढे आले तेव्हा त्यांनी हात आवरला. हे हराम आहे काय, असे खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले. नाही, पण आमच्या मुलखात हे मिळत नाही म्हणून मन घेत नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळाले, आणि खालिद (रजि.) यांनी ते त्यांच्यासमोर बसून खाल्ले. म्हणजे नावड असणे गुन्हा नव्हे. अन्नाची निंदा करणे आणि दुसऱ्याच्या घासाला तोंड वाकडे करणे हे वाईट. आणि ही निंदा मुले कोणाकडून शिकतात? कित्येक घरी "आज पण डाळच का?" हे वाक्य प्रथम वडिलांच्या तोंडून निघते.

आता आपल्या कोकणाकडे वळू. कुवेत-दुबईहून येणाऱ्या बॅगांनी आपल्या घरांना पुष्कळ दिले. शाळेच्या इमारतींच्या विटांतही तो पैसा आहे. पण त्याच बॅगांतून सरबताच्या पावडरी, चॉकलेटे, नूडल्सही आली. वडील दूर असतात, फोनवर विचारतात, "काय पाठवू?" आणि प्रेमापोटी खाऊ पाठवतात. त्यांना दोष कसा द्यावा? ज्यांच्याकडे ही बॅग येत नाही त्यांची मुले नाक्यावरच्या पुड्यांनी बरोबरी साधतात. विद्यार्थी मित्रांनो, एक गणित करा. पुडीवर वजन छापलेले असते. दहा रुपयांच्या पुडीत २५ ग्रॅम माल असेल तर किलोला ४०० रुपये झाले. आता आईला विचारा, बांगडा काय भावाने मिळाला, मसूर काय भावाने मिळते.

आपल्याकडे स्वस्त आणि कसदार वस्तूंची वाण नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याचा तिसावा हिस्साही नसतो. तरी नाचणी म्हणजे गरिबाचे धान्य, म्हणून पाहुण्यांपुढे ती आणायला आपण लाजतो. तांदळाच्या तीन वाट्या पिठात एक वाटी नाचणीचे पीठ मिसळून भाकरी थापा. रंग थोडा सावळा होईल, चव बिघडणार नाही. मूल तेही नाकारील तर त्याच पिठाची घावणे घाला, गुळाच्या खोबऱ्याबरोबर जातात. सुका जवळा भाजून, कुटून चटणीत किंवा अंड्याच्या भुर्जीत चमचाभर घालता येतो. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिने असतात. भुर्जीत शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून घाला. परसात झाड असून बकरीलाच पाला घालणारी घरे मी पाहिली आहेत.

मांसाहाराबद्दल थोडे स्पष्ट बोलते. दावतीच्या दिवशी ताटभर मटण आणि इतर दिवशी कोरा भात-सालन, यापेक्षा थोडे थोडे मांस वरचेवर पोटात गेलेले बरे. आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. खिचडा घ्या, गहू, डाळी आणि थोडे मांस. दालचा घ्या, डाळ, दुधी आणि चार तुकडे. पाव किलो खिम्यात वाटीभर शिजवलेली मसूर आणि किसलेला दुधी मिसळून टिक्क्या करा, सहा-सात माणसांना पुरतात. दुधीचे नाव ऐकून पळणारा मुलगाही त्या मागून घेतो. मात्र लपवाछपवीवरच राहू नका. अधूनमधून दुधी दुधी म्हणूनही दिसला पाहिजे, नाही तर ओळख होणार कशी?

चहाचे काय? जेवणाला लागून घेतलेला चहा डाळी-पाल्यातले लोह अंगी लागू देत नाही. उलट लिंबू, पेरू, आवळा, कैरी यांतले क जीवनसत्त्व ते लोह शोषायला मदत करते. पानात लिंबाची फोड ठेवा, चहा तासाभराने घ्या. लहानांना तर चहा नकोच. दूधही बेताने द्यावे. अर्धा लिटरहून अधिक दूध पिणारे छोटे मूल जेवायला भुकेले राहत नाही, आणि दुधात लोह नसल्यासारखेच.

मुलींविषयी बोलल्यावाचून मला हे भाषण संपवता येणार नाही. ज्या घरी पुरुष आणि मुलगे आधी जेवतात आणि आई-मुली उरलेल्यावर भागवतात, तिथे मुलीला "आवडत नाही" म्हणण्याचीसुद्धा संधी नसते. बांगड्याचा मधला तुकडा कोणाच्या पानात जातो ते आज रात्री घरी पाहा. एकाच दस्तरखानावर सर्वांनी बसावे. बरकत वाटून खाण्यात आहे असे आपणच सांगतो ना? शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी पुष्कळ मुली अफवांना भिऊन खिडकीबाहेर टाकतात. ती रक्त वाढवण्याची गोळी आहे, दुसरी कसली नाही. जेवण झाल्यावर घेतली म्हणजे मळमळ कमी होते. जंताची गोळीही चुकवू नये.

आणखी एक. मूल माती-खडू खात असेल, वजन घटत असेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल, किंवा त्याचे खाणे दोन-तीन पदार्थांवर येऊन थांबले असेल, तर तो लाडाचा प्रश्न नव्हे. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे वजन अंगणवाडीत करून मिळते.

शेवटी अध्यक्षसाहेबांना एक विनंती. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा केंद्राचा नियम २०२० पासून आहे. आपल्या फाटकाबाहेरच्या गाड्या हाकलून लावा असे मी म्हणत नाही. त्या माणसांनाही संसार आहेत. त्यांनाच बोलावून उकडलेली अंडी, मीठ-लिंबू लावलेले चणे, पेरू, केळी ठेवायला सांगता येईल, आणि मधल्या सुट्टीचे गिऱ्हाईक त्यांना बांधून देता येईल. कार्यकारी मंडळाने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा.