इंग्रजी क्रियापदांची गल्लत : कारण व उपाय



महाराष्ट्रात इ. स. २००० पासून मराठी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते. नागपूर जिल्ह्यातील खेड्यांत मुलाच्या कानी घरी मराठी व बाजारात हिंदी पडते. इंग्रजी बहुधा वर्गातच. म्हणून त्या भाषेतील चूक वर्गातच, आणि तिचे मूळ ओळखून, दुरुस्त झाली पाहिजे.

‘टीचर, लर्न मी’ असे म्हणणारे मूल मंदबुद्धीचे नव्हे. शिकणे व शिकविणे ही मराठीत एकाच धातूची रूपे; इंग्रजीत मात्र लर्न व टीच असे दोन निराळे शब्द आहेत. तीच गोष्ट उसनवारीची. उसने घेणे म्हणजे बॉरो, उसने देणे म्हणजे लेंड. दोन मुलांत एका पेन्सिलीची देवघेव करवावी व दोघांकडून आपापले क्रियापद म्हणवून घ्यावे. भेद आपोआप उमगतो.

पुष्कळदा मराठीच वाट दाखविते. आणणे म्हणजे ब्रिंग, नेणे म्हणजे टेक. ‘पाहणे’ या एकाच शब्दावर सी, लुक व वॉच यांची बोळवण केल्यास गोंधळ अटळ आहे. परंतु दृष्टीस पडते ते सी, नजर वळवून पाहणे ते लुक, आणि काटोलकडील राखणदार संत्र्याच्या बागेवर नजर ठेवतो ते वॉच, असे सांगितल्यास मुलाला सहज कळते. तसेच कानी पडणे म्हणजे हिअर, कान देणे म्हणजे लिसन.

क्वचित मराठी चकवितेही. ‘दिवा बंद कर’ यावरून मूल ‘क्लोज द लाइट’ म्हणते. इंग्रजीत दार क्लोज करतात, दिवा स्विच ऑफ करतात.

आठवड्याला एकच जोडी घ्यावी. लांबलचक यादी पाठ करवू नये. लाय म्हणजे आडवे होणे व ले म्हणजे ठेवणे, ही जोडी वरच्या वर्गांसाठी राखावी. लायचे भूतकाळी रूपही ‘ले’च असल्याने, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे प्रौढही तेथे अडखळतात.

चुकलेल्या मुलास वर्गात कोणी हसू नये. ज्याला हसले जाते ते मूल चूक टाळण्यासाठी बोलणेच टाळते; आणि जे बोलतच नाही, त्याची चूक गुरुजींना कळणार तरी कशी? शुद्ध वाक्य शिक्षकाने शांतपणे पुन्हा म्हणावे, मुलाकडून म्हणवून घ्यावे व धडा पुढे चालवावा.