मोजलेला प्रकाश आणि मोजलेला स्वर



शंभर वर्षे चाललेल्या कोणत्याही ग्रंथालयात एक कपाट असे असते की, ज्याची किल्ली सहसा कोणाच्या हाती दिली जात नाही. त्यातील पुस्तकांचा कागद इतका ठिसूळ झालेला असतो की, पान उलटताना कोपरा बोटात येतो. त्याच कपाटाच्या तळाशी कधीकधी लाखेच्या जुन्या तबकड्याही असतात. त्या वाजविण्याचे यंत्र मात्र केव्हाच मोडीत गेलेले असते. या सर्वांच्या अंकीय प्रती करून घ्याव्यात, असा विचार आता सर्वत्र होतो आणि तो योग्यच आहे. परंतु यंत्र पान ‘पाहते’ आणि तबकडी ‘ऐकते’, तेव्हा ते नेमके काय करते, याची चौकशी या उत्साहात क्वचितच होते. ती चौकशी हा या भाषणाचा विषय होय.

दिनांक १७ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत, विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ हे दोन शास्त्रज्ञ बॉइल यांच्या खोलीत फळ्यासमोर बसले होते. त्यांच्यापुढे प्रश्न कॅमेऱ्याचा नव्हताच. संगणकाच्या स्मृतीसाठी चुंबकीय बुडबुड्यांचे एक नवे तंत्र त्या संस्थेत पुढे येत होते; त्याच्या तोडीचे काही सिलिकॉनमध्ये करून दाखवा, असा वरिष्ठांचा आग्रह होता. सुमारे तासाभरात त्यांनी एका नव्या उपकरणाचा आराखडा मांडला. ‘सीसीडी’ या आद्याक्षरांनी ते पुढे जगभर ओळखले गेले.

त्याची रीत समजण्यासाठी फार दूर जावयास नको. इमारतीचा स्लॅब पडत असताना मजुरांची रांग लागते आणि काँक्रीटचे घमेले हातोहात पुढे सरकत राहते. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर अशीच सूक्ष्म घमेली रांगेने मांडलेली असतात. ज्या ठिकाणी जितका प्रकाश पडेल, तितके विद्युत्कण तेथे मोकळे होऊन त्या घमेल्यात साठतात. नंतर वरील विद्युद्दाब एका लयीत बदलला की प्रत्येक साठा शेजारच्या घमेल्यात जातो, आणि रांगेच्या टोकाशी बसलेला मोजणारा एकेक साठा मोजून त्याचा आकडा नोंदवितो. चित्र म्हणजे या आकड्यांची वही. हे सांगावयास सोपे आहे, करावयास नाही. प्रत्येक हस्तांतरात शंभरातला एकच कण सांडला, तरी शंभर हातांनंतर मूळ साठ्याचा जेमतेम ३७ टक्के भाग उरतो, आणि चित्रातील रांगा तर शेकड्यांनी असतात. सांडणे जवळजवळ शून्यावर आणणे, हे पुढील काळातील खरे कष्ट होते.

बॉइल आणि स्मिथ यांना २००९ सालच्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. उरलेला अर्धा प्रकाशतंतूंच्या कार्यासाठी चार्ल्स काव यांना गेला. त्यानंतर एक वाद उद्‌भवला. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या मूळ निबंधात प्रतिमा टिपण्याचा उल्लेख एक शक्यता म्हणून होता. परंतु प्रत्यक्ष प्रतिमा टिपणारी रचना त्याच संस्थेतील मायकेल टॉम्प्सेट यांनी सिद्ध केली होती आणि तिचे पेटंटही त्यांच्याच नावावर होते. नोबेलमधून ते वगळले गेले. अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञानपदक आणि २०१७ चे क्वीन एलिझाबेथ पारितोषिक त्यांना नंतर मिळाले, तरी स्टॉकहोमची ती खुर्ची हुकली ती हुकलीच. एखादी वस्तू कल्पिणारा मोठा की तिचा उपयोग करून दाखविणारा मोठा, हा वाद आपल्याकडेही मूळ ग्रंथकार आणि टीकाकार यांच्यासंबंधी अनेकदा झालेला आहे, आणि तो तेथेही सुटला नाही.

१९७५ च्या डिसेंबरात रॉचेस्टर येथील कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने अशाच संवेदकाभोवती एक कॅमेरा जुळविला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. चित्रात १०० गुणिले १००, म्हणजे अवघे दहा हजार ठिपके. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. फिल्म विकून संपन्न झालेल्या त्या कंपनीला या बाळाचे पाय पाळण्यात दिसले नाहीत असे नव्हे. ते पाहण्याची इच्छाच कमी होती. २०१२ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९० नंतर एरिक फॉसम यांनी अमेरिकेच्या जेट प्रपल्शन प्रयोगशाळेत निराळ्या प्रकारचा, कमी विजेवर चालणारा ‘सीमॉस’ संवेदक विकसित केला आणि आज बहुतेकांच्या खिशात तोच आहे.

ग्रंथालयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट याच कोडॅकमधील ब्राइस बेयर यांची आहे. संवेदकाला प्रकाशाचे प्रमाण कळते, रंग कळत नाही. बेयर यांनी, १९७६ साली मंजूर झालेल्या आपल्या पेटंटात, संवेदकावर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या काचांची चौकट बसविण्याची युक्ती सांगितली. मानवी डोळा बारकावा मुख्यत्वे हिरव्या भागातून टिपतो, म्हणून हिरवे ठिपके इतरांच्या दुप्पट. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. प्रत्येक ठिपक्यावर तीनपैकी एकच रंग मोजला जातो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अनुमानाने भरले जातात. अशा कॅमेऱ्याने काढलेल्या रंगीत छायाचित्रातील दोनतृतीयांश आकडे मोजलेले नसून अनुमानलेले असतात. अनुमान बहुधा उत्तम असते. पण ते अनुमान असते.

डोळ्याच्या या कथेला समांतर अशी कानाची कथा आहे, आणि तिचा मोठा भाग त्याच मरे हिलमध्ये घडला. ध्वनी मोजून आकड्यांत पाठविण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला १९३७ साली पॅरिसमध्ये सुचली. त्या काळच्या काचेच्या व्हॉल्व्हना ती पेलणारी नव्हती. ध्वनीत जी सर्वांत जलद कंपने असतील, त्यांच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदाला मोजणी केली की मूळ ध्वनी त्या आकड्यांतून पुन्हा उभा करता येतो, या सिद्धांताशी हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन ही दोन नावे जोडलेली आहेत. दूरध्वनीसाठी सेकंदाला ८,००० मोजण्या पुरेशा मानल्या गेल्या. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ४४,१०० ठरल्या. दूरध्वनीची ही काटकसर कानाला जाणवते. ‘स’ या वर्णाचा सीत्कार बव्हंशी त्या मर्यादेच्या वर असतो. म्हणून ‘सर’ की ‘शर’ हे तारेवर ओळखू येत नाही आणि वाक्याच्या संदर्भाने समजून घ्यावे लागते. येथेही अनुमानच, फक्त ते ऐकणारा करतो.

कानपूर येथे १९३३ साली जन्मलेले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले विष्णू अटल १९६१ साली बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. कंठापासून ओठांपर्यंतची नळी आपला आकार सावकाश बदलते. त्यामुळे बोलण्यातील पुढची मोजणी मागच्या दहा-बारा मोजण्यांवरून बरीचशी वर्तविता येते. मग सर्व आकडे पाठवावेत कशाला? भाकीत कोठे चुकले तेवढेच कळवावे. जपानमध्ये इटाकुरा आणि साइतो हेही स्वतंत्रपणे याच दिशेने निघाले होते. १९८५ साली अटल आणि मानफ्रेड श्रोडर यांनी ही पद्धत अशा टोकाला नेली की, दूरध्वनीला सेकंदाला ६४,००० द्विमान अंक लागत, तेथे ४,८०० अंकांत समजेल असे बोलणे पाठविता येऊ लागले. त्या वेळच्या क्रे महासंगणकालाही एका सेकंदाच्या बोलण्यासाठी दोन मिनिटांहून अधिक काळ खपावे लागे. त्याच कुळातील गणित पुढे खिशातील दूरध्वनीत येऊन बसले.

परंतु हे गणित मानवी कंठ गृहीत धरून चालते. भ्रमणध्वनीवरून तानपुरा ऐकविण्याचा प्रयत्न ज्यांनी केला असेल, त्यांना तो तुटक, घोगरा आणि मधूनच नाहीसा होताना ऐकू आला असेल. यंत्र बिघडलेले नसते. ते चार तारांमध्ये एक बोलणारा माणूस शोधत असते आणि तो त्याला सापडत नाही.

संगीतासाठी निराळी वाट शोधली गेली. १९७९ साली श्रोडर, अटल आणि जोसेफ हॉल यांनी कानाच्या एका उणिवेचा उपयोग सुचविला. लग्नाच्या वरातीत बँड सुरू असताना शेजारच्याची कुजबुज कानी पडत नाही, तसे मोठ्या स्वरालगतचे बारीक स्वर झाकले जातात. जे ऐकूच येणार नाही, ते साठवू नये. जर्मनीतील एरलांगेन येथे कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तत्त्वावर जी पद्धत घडविली, ती १९९५ पासून ‘एमपी थ्री’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या कसोटीच्या ध्वनिमुद्रणांत सुझॅन वेगा या गायिकेचे साथीविना गायिलेले एक गीत होते. आरंभीच्या प्रयत्नांत तिचा आवाज विद्रूप होऊन आला आणि तो सुधारेपर्यंत ते गीत त्यांनी शेकडो वेळा ऐकले. डिस्कवरील १४ लाखांहून अधिक द्विमान अंकांचा प्रवाह १ लाख २८ हजारांवर आला. टाकलेले अंक परत मिळत नाहीत. प्रवासात गाणे ऐकणाऱ्याला त्याचे सुखदुःख नाही. संग्रह करणाऱ्याला असावयास हवे.

डोळा आणि कान यांची ही दोन यंत्रे प्रथम एकत्र आली, ती एका वाचकासाठीच. १९७६ च्या जानेवारीत रेमंड कुर्झवाइल यांनी अंधांसाठी एक वाचनयंत्र सादर केले. काचेवर छापील पान ठेवावे, खालून सीसीडीच्या ओळीने ते पाहावे, संगणकाने अक्षरे ओळखावीत आणि कृत्रिम आवाजात वाचून दाखवावीत. सपाट काचेचा स्कॅनर जगात आला तो या निमित्ताने. हे यंत्र बनविणाऱ्यांना पान देखणे नको होते, अचूक हवे होते. कारण ऐकणाऱ्याला शंका आली तरी ती पडताळून पाहण्याचा मार्ग त्याच्यापाशी नव्हता.

डोळस वाचकही नंतर त्याच स्थितीत सापडले. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एका नामांकित कंपनीच्या यंत्रावर घराचा नकाशा स्कॅन केला. तीन खोल्यांची क्षेत्रफळे मुळात वेगवेगळी होती. प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३ चौरस मीटर असे उमटले. जागा वाचविण्यासाठी ते यंत्र सारखी दिसणारी चिन्हे एकच समजून एकीचा ठसा दुसरीच्या जागी मारीत होते. अक्षर पुसट झाले असते तर वाचणारा थबकला असता. येथे आकडा स्वच्छ, ठळक आणि चुकीचा होता. ब आणि व, घ आणि ध, भ आणि म अशा जोड्या असलेल्या लिपीला या प्रकाराचा धोका किती, हे येथील वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म भय आहे. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वी छापलेल्या पुस्तकांत अनुच्चारित अनुस्वार सर्वत्र आढळतात आणि ते शोभेचे नाहीत. ‘ते’ म्हणजे अनेक पुरुष किंवा एक आदरणीय पुरुष. ‘तें’ म्हणजे नपुंसकलिंगी एक वस्तू. ‘ती’ एक स्त्री; ‘तीं’ अनेक मुले. हा सारा भार एका टिंबावर, आणि ते टिंब साधारणतः अर्धा मिलिमीटरही नसते. इंचाला ३०० ठिपके घेतले तर त्याच्या रुंदीत चारपाच ठिपके पडतात. १०० घेतले तर एखाददुसरा. त्यानंतर स्कॅनर चालविणारा जुन्या कागदावरील डाग घालविण्यासाठी ‘सफाई’ची कळ दाबतो. यंत्राच्या लेखी कसरीने केलेले छिद्र, शाईचा शिंतोडा आणि अनुस्वार यांत भेद नाही. पान उजळून निघते, पाहणारे प्रसन्न होतात आणि व्याकरण निघून जाते.

म्हणून जाणती ग्रंथालये दोन प्रती करतात. एक मूळप्रत: रंगीत, पुरेशा बारकाव्याची, आकड्यांतून काहीही न वगळलेली आणि कोणतीही सफाई न केलेली. दुसरी वाचनप्रत, ती मूळप्रतीवरून तयार करावी, हवी तितकी उजळावी, लहान करावी, वाचकांना द्यावी. ध्वनीच्या बाबतीतही असाच दंडक आहे. ‘इयासा’ या नावाने ओळखली जाणारी ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना सेकंदाला ९६,००० मोजण्या आणि प्रत्येक मोजणीस २४ द्विमान अंक यांची शिफारस करते. ४८,००० मोजण्यांहून खाली जाऊ नये, असे तिचे म्हणणे. साडेतीन मिनिटांच्या तबकडीच्या एका बाजूस हिशेबाने सुमारे ६ कोटी बाइट लागतात. ‘एमपी थ्री’ने ते काम ३४ लाखांत होईल. हा फरक एके काळी पैशांचा होता आणि फार मोठा होता. साठवणूक स्वस्त झाल्यापासून तो मुख्यतः धीराचा आहे.

तबकडीची खरखरही मूळप्रतीत जशीच्या तशी ठेवावयाची असते. गवयाचा श्वास, स्वरमंडळाची तार छेडताना झालेला नखाचा स्पर्श आणि सुईखाली आलेला धुळीचा कण हे यंत्राला सारखेच भासतात. त्यांतला धुळीचा कण कोणता, हे उद्या आजच्याहून चांगल्या पद्धतीने ओळखता येईल. परंतु त्यासाठी तिन्ही आवाज तोवर शिल्लक असले पाहिजेत.